धडधाकट पुस्तकावरचा शिक्का

त्या पुस्तकावर मी 'विथड्रॉन'चा, म्हणजे लायब्ररीतून काढून टाकल्याचा, शिक्का मारला तेव्हा ते चांगलं धडधाकट होतं. मागची शिवण जरा सैल झाली होती, एवढंच. फॉर्मवर कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'पुअर कंडिशन'. खाली सही केली. पुस्तक विक्रीच्या ट्रॉलीवर ठेवायचं, ते माझ्या बॅगेत ठेवलं आणि चहा करायला गेले.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. लंडनमध्ये, स्टॅनमोरजवळ कौन्सिलच्या एका छोट्या लायब्ररीत मी मुलांचा विभाग सांभाळत होते. वर्षातून दोनदा आम्ही वीडिंग करायचो. शेतातलं तण काढतात तशी फाटकी, जुनी, कोणी नेत नाही अशी पुस्तकं शेल्फवरून काढायची. मुलांच्या विभागातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते मी ठरवत असे. काढलेली पुस्तकं दारापाशी विक्रीला जात. स्टाफने त्यांना आधी हात लावायचा नाही, असा नियम होता.

मला चित्रांच्या पुस्तकांचं वेड होतं. मजकूर कसाही असो, चित्रकाराने कागदाचं काहीतरी वेगळं केलेलं असलं की मी ते पुस्तक शोधत फिरायचे. उघडल्यावर उभं राहणारं घर, घड्या उलगडल्या की खोलीभर पसरणारी नदी, हाताने छापलेले पक्षी. कॅमडेनच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत माझे कित्येक रविवार गेले. घरी दोन कपाटं भरली होती. माझी मुलं तोवर युनिव्हर्सिटीत होती, त्यामुळे ती पुस्तकं उघडणारं घरात कोणी नव्हतं. मला ते बरंच वाटायचं.

लायब्ररीतलं हे पुस्तक मात्र मला कुठेच मिळत नव्हतं. त्याची छपाई कधीच बंद झाली होती. त्यात एकही शब्द नव्हता. प्रत्येक पानाला एक गोल भोक कापलेलं. पहिल्या पानावर त्या भोकाचा चंद्र व्हायचा, पान उलटलं की मांजराचा डोळा, मग मोरीचं भोक, मग ताटातला पापड वाटावा असं काहीतरी. मी ते काउंटरमागे उभं राहून कितीदा पाहिलं असेल.

ते पुस्तक घरी नेणारं एकच कुटुंब होतं. साठेकाका नागपूरहून मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले होते. इंग्रजी जेमतेम. त्यांची नात मीरा सहा वर्षांची, इथेच जन्मलेली, मराठी अडखळत बोलणारी. दर शनिवारी दोघं कोपऱ्यातल्या बीनबॅगवर बसायची. शब्दच नसल्यामुळे काका त्या चित्रांची गोष्ट मराठीत सांगायचे आणि ती दर वेळी वेगळी असायची. मीरा मध्येच म्हणायची, "नाही आजोबा, लास्ट टाइम मांजर झोपली होती." तीन आठवडे नेलं, परत केलं, पुन्हा नेलं, असं त्यांचं चाललं होतं.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी शिक्का मारला.

पुढच्या शनिवारी काका काउंटरला आले. मीरा त्यांच्या मागे उभी होती.

"ताई, ते भोकांचं पुस्तक दिसत नाही कुठे."

"फाटलं होतं काका. काढून टाकावं लागलं."

मी हे कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले. काकांनी हळू आवाजात विचारलं, "शेवटचं आम्हीच नेलं होतं. आमच्याच हातून झालं का?"

इथे नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "होतं असं कधीकधी. मुलं असतात."

काकांनी वळून मीराकडे पाहिलं. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "मी सांगितलं होतं ना, जपून?"

मीरा माझ्याजवळ आली. काउंटर तिच्या नाकापर्यंत येत होतं. "सॉरी आंटी. मी पान हळू फिरवला होता. प्रॉमिस."

मी म्हटलं, "इट्स ओके, बेटा." मी तिला माफ केलं. आजही हे लिहिताना कान गरम होतात.

त्या दिवशी त्यांनी एकही पुस्तक नेलं नाही.

रविवारभर पुस्तक टेबलावर पडून होतं. मी ते उघडलं नाही. सोमवारी सकाळी ते घेऊन मी माझी मॅनेजर हेलन हिच्या केबिनमध्ये गेले आणि तिच्यासमोर ठेवलं.

"हे मी काढायला नको होतं," मी म्हणाले.

"चुकून झालं?"

"नाही. मला हवं होतं म्हणून."

हेलन माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तिने शिक्का पाहिला, शिवण पाहिली. "अशी आणखी किती आहेत, वैशाली?"

"हे एकच."

"मला तपासावं लागेल. तू समजून घेशील."

तिने दोन वर्षांचे फॉर्म तपासले. दुसरं काही निघालं नाही. पण तिने तपासलं आणि तिचं बरोबर होतं, हेच मला जास्त लागलं. रिटन वॉर्निंग मिळाली. म्हणजे लेखी ताकीद, फाइलला कायमची. वीडिंग माझ्याकडून काढून घेतलं. शिवण मी स्वतः टेप लावून नीट केली. दहा मिनिटांचं काम होतं.

शनिवारी काका आल्यावर मी त्यांना बाजूला बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मला कशाला सांगता?" ते म्हणाले. "पोरगी आठवडाभर घरातलं एक पुस्तक उघडत नाहीये. तिला सांगा."

मॅनेजरला सांगणं सोपं होतं. मी बीनबॅगशेजारी जमिनीवर बसले. पुस्तक तिच्यासमोर ठेवलं.

"मीरा, तू काही फाडलं नव्हतंस. मी खोटं बोलले. मला ते आवडायचं, म्हणून मी घरी घेऊन गेले होते."

तिने पुस्तकाला हात लावला नाही. आधी आजोबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पण तुझ्याकडे कार्ड नाही?"

होतं. स्टाफ कार्ड. त्यावर हवं तेव्हा, हवं तेवढे दिवस ते पुस्तक मला नेता आलं असतं. काकांनी पहिलं पान उघडलं. मी उठून काउंटरला गेले.

काका त्या हिवाळ्यात नागपूरला परतले. मीरा नंतरही आईबरोबर यायची. मला हॅलो म्हणायची, पण पुस्तक शोधून द्यायला दुसऱ्या सहकाऱ्याला सांगायची.

दीड वर्षाने वीडिंग परत माझ्याकडे आलं. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी एक पद्धत पाळली. फॉर्मवर सही करण्याआधी कारण शेजारच्या सहकाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचं. लिहिताना काहीही लिहिता येतं. वाचून दाखवताना जीभ अडखळते.