उजवा पीळ

सर आमच्या कारखान्यात आले की आधी वाकून जमिनीवर पडलेला काथ्या उचलायचे. त्यातले दोन धागे एकमेकांभोवती पिळायचे, माझ्या नाकासमोर धरायचे आणि विचारायचे, "हे काय आहे?"

"काथ्या," मी म्हणायचो.

"बांधकाम," सर म्हणायचे.

तुम्ही कधी पेणला आला असाल तर आमचे कारखाने तुम्हाला ठाऊक असतील. यंत्र एकही नाही, नुसते रांगेने बसलेले, रंग न लागलेले गणपती. सर रोह्याला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, राहायला शेजारच्या अष्टमी गावात. दरवर्षी एसटीने स्वतः येऊन मूर्ती निवडायचे. निवडायचे कसले, तपासायचे. एकदा त्यांनी काकांना सांगितलं की उंदराच्या पुढच्या पायाला चार बोटं असतात, तुम्ही पाच केलीत.

काका म्हणजे माझे चुलते, कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर. ते म्हणाले, हा देवाचा उंदीर हाय.

"चूक ती चूक," सर म्हणाले आणि पाच बोटांचा उंदीर घेऊन गेले. दुसरा नव्हताच.

ही गोष्ट नव्वद सालानंतरची. वहिनींना, म्हणजे सरांच्या बायकोला, कॅन्सर निघाला. मुंबईला जाऊन इंजेक्शनं घ्यायची होती. दोन घेतल्यावर केस गेले, तोंड आलं, पाण्याचा घोटही उतरेना. वहिनींनी तिसऱ्याला साफ नकार दिला. रोग कुठला आणि मी कुठली, हे त्या औषधाला कळत नाय, असं त्यांचं म्हणणं. सरांनी समजावलं, मेहुणीला बोलावून समजावलं, दोन दिवस अबोला धरून पाहिला. वहिनी हलल्या नाहीत.

तेव्हा सर आमच्याकडे आले. गणपतीला अजून पुष्कळ अवकाश होता. काथ्या पिळला आणि म्हणाले, मला पेटी करून हवी.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तेवढं सांगतो. डीएनए म्हणजे आईबापाचे नाकडोळे पोरात उतरवणारी वस्तू, हे सगळ्यांना माहीत असतं. पण परदेशात कोणीतरी तिला नुसता दोर समजून बांधायला घेतलं होतं. दोराच्या टोकांच्या जोड्या ठरलेल्या असतात. आपला जोडीदार सापडला की टोक त्यालाच चिकटतं, दुसऱ्याला नाही.

"लग्नं जमवण्यापरीस बरं," काका म्हणाले.

अशी टोकं जुळवून त्या लोकांनी एक चौकोनी सांगाडा उभा केला होता, डोळ्यांना कधी दिसणार नाही इतका बारीक. सरांचं म्हणणं, आज सांगाडा झालाय, उद्या पेटी होईल. तिच्यात औषध भरायचं. रोगट जागा भेटली की झाकण उघडेल, नाहीतर बंद. तशी पेटी हातात घेता येईल एवढी करून द्या. हिला दाखवतो. औषध शहाणं होणार आहे, तोवर हिनं टिकलं पाहिजे. हे शेवटचं वाक्य बोलताना ते माझ्याकडे न बघता समोरच्या मूर्तीच्या उंदराकडे बघत होते.

कागदावर चित्र काढून दिलं. पेटीच्या प्रत्येक कडेला दोन धाग्यांचा पीळ, एक बाजू झाकण म्हणून उघडती. पीळ उजवा हवा, हे तीनदा बजावलं.

काकांनी काथ्यावर प्लास्टर चढवून पेटी केली. झकास झाली. सर घ्यायला आले, चष्मा वर करून बघितलं आणि खुर्चीवर बसले. सगळे पीळ डावे होते.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. घरोघरच्या गणपतीची सोंड डावीकडे वळलेली असते. उजव्या सोंडेचा देव कडक. त्याचं सोवळंओवळं काटेकोर पाळावं लागतं, म्हणून कोणी मुद्दाम मागितल्याशिवाय आम्ही तो करत नाही. मागितला तर काका आंघोळ करून उपाशीपोटी कामाला बसतात.

"ही सोंड नाही हो," सर म्हणाले. "खऱ्या डीएनएचा पीळ उजवाच असतो. चुकीची वस्तू दाखवून मी तिला फसवणार नाही."

काका हात पुसत म्हणाले, "सर, तुमच्या घरात आजारी मानूस हाय. उजवं न्याल, मग पाळनार कोन?"

"चूक ती चूक" हे शब्द त्या दिवशी मी ऐकले नाहीत. पेटी मांडीवर घेऊन सर एसटीत बसले.

पुढच्या खेपेला आले ते थोडे रागावूनच. म्हणाले, मी तिला तासभर शास्त्र समजावलं, ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. पीळ उलटा का झाला ते सांगितलं तेव्हा उठून बसली. कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, कोण कुठला, आपला कोणी नाय, तो म्हातारा माझ्या जिवासाठी दोर उलटा वळतो, आणि मी इथं हट्ट धरून बसल्ये. तिसरं इंजेक्शन घेऊन आलो.

"शास्त्रामुळे नाही," सर म्हणाले. हे त्यांना लागलं होतं. पण काकांना त्यांनी वाकून नमस्कार केला. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

वहिनी बऱ्या झाल्या. पेटी त्यांनी आपल्या गोळ्या ठेवायला घेतली. सर दरवर्षी यायचे आणि पीळ अजून उलटाच असल्याचं काकांना कळवायचे.

एका वर्षी मूर्ती न्यायला वहिनी एकट्या आल्या. सरांना वर्गात शिकवताना झटका आला होता, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मूर्ती निवडायच्या आधी त्यांनी पिशवीतून पेटी काढून काकांपुढे ठेवली.

"हिच्यासारखीच दुसरी करून द्या," त्या म्हणाल्या. "पण उजव्या पिळाची. ह्यांना पायजे होती तशी."

काका आता थकले होते. पेटी हातात फिरवत म्हणाले, "उजवं कडक असतं, बाय. पाळायला लागंल."

"मी आता धडधाकट हाय," वहिनी म्हणाल्या. "आन् कडक मानसाची मला सवय हाय."

दुसऱ्या दिवशी काका आंघोळ करून, चहासुद्धा न घेता येऊन बसले आणि माझ्याकडे काथ्या मागितला.