नदी नापास करणारे भाऊजी

आमच्या वरच्या क्वार्टरमधल्या भाऊजींइतकं नदीवर प्रेम करणारा आणि तरीही तिच्यावर काडीचा विश्वास न ठेवणारा दुसरा माणूस अख्ख्या भोपाळात सापडायचा नाही. कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते, म्हणजे दुसऱ्याने केलेलं काम बघून "नाही चालणार" म्हणायचाच त्यांना पगार होता. ती सवय गेटबाहेर आली तरी सुटायची नाही. त्यांची बायको, आमची कुसुम, पोळी वाढायची तर हे ती उजेडाकडे धरून बघणार. बाजारात भाजीवाला त्यांना लांबूनच बघून ओरडायचा, "लो, साहब आ गए, अब टमाटर का इम्तहान होगा!" पावसाळा ओसरला की हा माणूस पाठीवर सॅक लावून टाउनशिपमधल्या आम्हा चार-पाच जणांना जंगलात पायी हिंडवायचा. तिथे टमाटर नसत, म्हणून मग नद्या.

नदी आली की आपण काठावर गप्प बसायचं. भाऊजी एकटे वर-खाली फिरून येणार. आपल्याला वाटावं, इथे पात्र अरुंद आहे, चार ढांगांत पलीकडे! तर म्हणणार, "वहिनी, अरुंद तिथे खोल, आणि खोल तिथे ओढ. पसरून खळखळते ना, तिथून जायचं." मग खालच्या अंगाला बघणार, पाय सुटलाच तर माणूस कुठे जाऊन अडकेल म्हणून. मोजे काढा, पण बूट घालूनच उतरा. सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, पडलात तर सॅक जाऊ दे, तुम्ही नको. एकदा पुरणपोळ्यांच्या काळजीने मी पट्टा गुपचूप परत लावला, तर भर पाण्यातून हाक आली, "वहिनी, पोळ्यांबरोबर जायचंय का?" आणि पाणी गढूळ असलं, पालापाचोळा वाहत असला किंवा गुडघ्याच्या वर जात असलं, तर नदी नापास. मग तिथे कुणाचा वशिला चालत नसे.

हे सगळं ठीक होतं हो, पण स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी? नागपूरचे व्याही लवकर येऊन टेकले होते, तर भाऊजी म्हणाले, "जावई बघून झाला, आता व्याही तपासू." कुसुम ओरडत राहिली आणि हे व्याह्यांना घेऊन जंगलात! सोबत आमचे हे आणि मी. व्याही मोठे हौशी, रस्ताभर गप्पा. नदी ओलांडून पलीकडच्या गावात शाळेच्या ओसरीवर मुक्काम केला. सकाळी परत येतो तर वर कुठेतरी पाऊस कोसळलेला, आणि कालची शहाणी नदी चहासारखी लाल. पूल होता, पण इतका लांब की तिथून घर गाठेपर्यंत दुसरा दिवस उजाडला असता. संध्याकाळी साखरपुडा. मोबाइल तेव्हा कुठले?

भाऊजींनी पाण्याच्या कडेला एक काटकी खोचली आणि म्हणाले, "नापास."

"काय लावलंय राजेहो!" व्याही उसळले. "मी वैनगंगेत पोहलेला माणूस आहे!"

"पोहणं वेगळं, चालणं वेगळं. पाणी काटकीच्या खाली उतरू द्या."

"घरी पाव्हणे बसलेत! मुहूर्त टळला तर लग्न मोडलं समजा!"

आमचे हे हळूच म्हणाले, "अहो, एकदा प्रयत्न तरी..." भाऊजींनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मोडलं तर मोडलं. माझ्या मुलीला सासरा जिवंत हवा." आवाज अगदी थंड होता, पण ते बसले तेव्हा हात मांड्यांखाली दाबून बसले, हे मी बघितलं. एकुलती एक मुलगी होती ती.

मुहूर्त त्या काठावरच गेला. व्याही पाठ करून बसले, पोळीलाही हात लावला नाही.

दुसऱ्या सकाळी काटकी कोरडी पडली होती. प्रवाहाकडे तोंड करून, काठी रोवून भाऊजी पुढे. मागे एकाचे हात दुसऱ्याच्या खांद्यांवर, अशी आमची रांग आडव्या पावलांनी सरकू लागली. रुसलेल्या व्याह्यांनी भाऊजींचा खांदा दोन बोटांनीच धरला होता. मध्ये त्यांच्या पायाखालचा दगड फिरला आणि त्यांनी दोन्ही हातांनी मिठीच मारली. भाऊजी हलले नाहीत. "घाई नाही. पाय टेकवा. टेकला? आता एक पाऊल."

पलीकडे व्याह्यांनी कितीतरी वेळ बुटातलं पाणी ओतलं. मग खाली बघतच म्हणाले, "भटजींना दुसरा मुहूर्त विचारा."

पोरीचं लग्न थाटात झालं. पुढे दरवर्षी पावसाळा सरला की व्याही नागपूरहून यायचे, खास त्या नदीसाठी. भाऊजींच्या खांद्यांवर दोन्ही हात टाकून विचारायचे, "काय राजेहो, पास का नापास?"

मागच्या वर्षी व्याही गेले. भाऊजी आता टाउनशिप सोडून भोपाळातच कोटरा सुल्तानाबादला राहतात. यंदा त्यांनीच फोन केला, म्हणून आम्ही तिघं गाडीने नदीपर्यंत गेलो. पाणी घोट्याएवढं, खालचे गोटे दिसावेत इतकं नितळ. एक बाई शेळ्या घेऊन सहज पलीकडे गेली. भाऊजी वर-खाली फिरून आले आणि काठावर बसले.

"अहो, पास आहे की," मी म्हटलं.

"पाणी पास आहे, वहिनी," ते म्हणाले, आणि बसूनच राहिले. मग आम्हीही त्यांच्या शेजारी बसलो, बूट कोरडे ठेवून.