काका खराब, एक ते अकरा

माझा दादा कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर माप पाठवतात आणि तो एका अरुंद लॅबमध्ये, भिंगाच्या दिव्याखाली बसून दात घडवतो, घासतो, शेजारच्या खऱ्या दाताशी त्याचा रंग जुळवतो. चांगला दात कोणता, तर बसवल्यावर आठवडाभरात ज्याच्या तोंडात आहे तोच विसरतो की हा आपला नव्हे, असं त्याचं म्हणणं. बावीस वर्षं तो हे काम इमानेइतबारे करतो आहे आणि त्यात त्याला कुणी नावं ठेवलेली मी ऐकली नाहीत.

स्वभावाने मात्र शंकासुर. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून पाहणार, कोपऱ्यापर्यंत जाणार आणि चौथ्यांदा ओढायला परत येणार. वहिनी सांगते, तिने लग्नाला होकार दिला तेव्हा या गृहस्थाने 'नक्की ना?' असं इतक्या वेळा विचारलं की तिचाच विचार बदलायची वेळ आली होती. शिवाय कुणाला दुखवणं याला जमतच नाही. न्हाव्याने वाकडे कापलेले केससुद्धा हा 'छान झालेत' म्हणून महिनाभर मिरवतो.

नऊ वर्षांपूर्वी त्याला रेकॉर्डिंगचा नाद लागला. गिटार तो आधीपासून वाजवायचा. मग एक माइक आणला, कॉम्प्युटरमध्ये प्रोग्रॅम घातला आणि वहिनीच्या मोठ्या कपाटात स्टुडिओ थाटला. टांगलेल्या कोटांत आणि दुलयांत आवाज घुमत नाही, म्हणून गाणाऱ्याने कपाटात शिरायचं, दार ओढून घ्यायचं आणि हँगरला लटकवलेल्या माइकसमोर गायचं. गाणारी मी. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार हे बसस्टँडवर दिवसभर माझ्याच आवाजात लोकांना ऐकू येतं, त्यामुळे मला माझ्या गळ्याचा थोडा तोरा होता, हे इथेच कबूल करून टाकते.

आमच्यातले तिसरे पोस्टमनकाका. पाच वर्षांपूर्वी पार्सल द्यायला दारात उभे असताना त्यांनी आतून गिटार ऐकली, सही घ्यायची विसरले आणि पत्रांच्या पिशवीतून माउथ ऑर्गन काढून सरळ साथ द्यायला लागले. तेव्हापासून ते आमचे. निवृत्त झाले, काकू गेल्या, घरात एकटे उरले, पण रविवारी सकाळी दहाला इस्त्रीचा शर्ट घालून दारात हजर. आठवड्यात त्यांना कुठे जायचं असेल तर ते आमच्या कपाटात.

गाणं पूर्ण झालं की दादा ते इंटरनेटवर चढवायचा. चाळीस-पंचेचाळीस वेळा ऐकलं जायचं, त्यातले दहा-बारा वेळा दादाच, नीट चढलंय ना ते पाहायला. काका मात्र बागेतल्या बाकावर पोस्टातल्या जुन्या मंडळींना फोनवर गाणं ऐकवायचे आणि माउथ ऑर्गन सुरू झाला की बोट वर करून म्हणायचे, 'हा मी.'

गेल्या वर्षापासून काकांचा दम तुटायला लागला. लांब सूर मध्येच विझायचा, पुढचा उशिरा यायचा. दादाने हे त्यांना सांगायला हवं होतं. वहिनीने तसं बजावलंही. पण सांगेल तो दादा कसला. त्याने आपल्या धंद्यातली युक्ती वापरली. तीन वर्षांपूर्वीच्या गाण्यांमधून काकांचेच चांगले सूर कापून काढायचे आणि नव्या गाण्यात मोडक्या सुरांच्या जागी बसवायचे. मूळचे टेक, म्हणजे काकांनी दरवेळी वाजवलेलं मूळ रेकॉर्डिंग, बंद करून तसेच ठेवायचे. काका तयार गाणं ऐकायचे आणि खूश व्हायचे, 'अजून जमतंय की.' दादा खाली मान घालायचा आणि मी हसू दाबत स्वयंपाकघरात पळायचे. हो, मला हसू यायचं. त्यात काही वाईट आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

गेल्या महिन्यातल्या गाण्याला काकांचे अकरा टेक झाले, एकही धड नव्हता. दादाने नेहमीसारखी दुरुस्ती केली आणि गुरुवारी संध्याकाळी तयार गाण्याची लिंक काकांना पाठवली.

पाठवायच्या आधी त्याने तपासलं. हेच नडलं. प्रत्येक गाण्याचे त्याचे दोन फोल्डर असतात, एकात तयार गाणं आणि दुसऱ्यात कच्चा माल, सगळे सुटे तुकडे. तयार गाणं त्याने तीनदा ऐकलं. मग कच्च्यातलं काही चुकून राहिलं नाही ना, म्हणून कच्चा फोल्डर उघडला. आणि मग ज्या फोल्डरमध्ये उभा होता त्याचीच लिंक काढून पाठवून दिली. दुसरा कुणी असता तर न तपासता बरोबर पाठवला असता.

पाऊण तासाने चौथ्यांदा तपासताना त्याच्या ते लक्षात आलं. मी आत गेले तर हा खुर्चीत पांढराफटक बसलेला. स्क्रीनवर फोल्डरमधली यादी होती. काका खराब एक, काका खराब दोन, अशी अकरापर्यंत, आणि शेवटी काका दुरुस्त. त्याखालीही यादी बरीच लांब होती, पण मला पुढचं वाचायचं सुचलं नाही, कारण तेवढ्यात दादा म्हणाला, "सातव्याच्या शेवटी तुझं बोलणं आहे."

मला आठवलं. सातव्या टेकनंतर काका पाणी प्यायला बाहेर गेले होते, माइक चालू होता, आणि मी कपाटाच्या दाराला टेकून म्हटलं होतं की काकांचं आता काही खरं नाही, दम संपला त्यांचा, जुनंच काहीतरी चिकटवून दे, त्यांना कुठे कळतंय. बंद ठेवायचा टेक म्हणून दादाने त्याचं शेपूट कापलंच नव्हतं.

लिंक लगेच बंद केली. पण सगळ्या फाइली काकांच्या फोनवर आधीच उतरल्या होत्या, तसं तिथे स्पष्ट दिसत होतं.

मग सुरू झालं वाट पाहणं. एरवी गाणं मिळालं की काकांचा पाच मिनिटांत फोन यायचा. तो आला नाही. आपण करावा तर बोलायचं काय? 'चुकून पाठवलं, ऐकू नका' म्हटलं तर माणूस आधी तेच ऐकणार. वहिनी म्हणाली, जाऊन पाय धरा आणि मोकळे व्हा. दादा तीनदा बूट घालून तयार झाला आणि तीनदा त्याने ते काढले.

शुक्रवारी त्याने उजवीकडची दाढ डावीकडच्या मापाने बनवली. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी स्टँडवर दोन नंबरच्या फलाटाची गाडी पाच नंबरला लावून मोकळी झाले आणि सामान डोक्यावर घेतलेल्या लोकांची शेलकी विशेषणं ऐकली. डोक्यात एकच घोळत होतं, काका आता येणार नाहीत. ते रागावतील, भांडतील, याची भीती नव्हती. काका भांडणारे नव्हेतच. ते फक्त यायचे थांबतील, रविवारी दहाला इस्त्रीचा शर्ट घालून घरातच बसतील, आणि विचारलं तर गुडघा दुखतो म्हणून सांगतील.

शनिवारी सहाच्या सुमारास दादा त्यांच्या घराकडे गेला. काका औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहतात. वर जायचा धीर होईना, म्हणून दादा दुकानात उभा राहिला आणि काहीतरी घ्यायला हवं म्हणून त्याने खोकल्याचं औषध घेतलं. वरून खिडकीतून माउथ ऑर्गन ऐकू येत होता. सूर वर चढला आणि मध्येच तुटला. थोडी शांतता. मग पुन्हा तोच सूर, पुन्हा तसाच तुटला. दुकानदार म्हणाला की काल सकाळपासून हेच चालू आहे, म्हातारा एकच गाणं परत परत लावतोय. दादा घरी आला आणि खोकला नसलेल्या माणसाने खोकल्याचं औषध टेबलावर ठेवलं. त्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो आणि तसेच उठलो.

रविवारी दहाला बेल वाजली.

काका दारात होते. शर्टाला इस्त्री होती. नेहमीच्या खुर्चीत बसले, पाणी मागून घेतलं आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. पाकिटांवरचे पत्ते वाचण्यात घालवलेल्या आयुष्यातलं ते ठळक, सुटं अक्षर. त्यावर एक ते अकरा आकडे होते आणि प्रत्येकापुढे बारीक टिपण. दादाने माफी मागायला तोंड उघडलं, तर काकांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"मी लोकांना ऐकवत होतो रे," ते म्हणाले. "हा मी, हा मी, करत होतो. वर्षभर."

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी जमिनीकडे पाहत होते, पण माझी सुटका नव्हती.

"आणि सातव्याच्या शेवटी तू जे बोललीस," काका मला म्हणाले, "ते खरं आहे. दम संपलाय. डॉक्टरही तेच म्हणतो. फक्त कळत नाही, हे खोटं. सांगितलं असतं तर कळलं असतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चुकले, असं मी म्हटलं. निदान ओठ तरी हलवले.

त्यांनी कागद दादापुढे सरकवला आणि चौथा टेक लावायला सांगितला. पहिली ओळ भयंकर होती. काकाही मान हलवत होते. दुसरी जेमतेम. तिसऱ्या ओळीला मात्र काकांनी लांब सुराचा नादच सोडला होता. दम पुरेल तेवढंच वाजवून थांबायचं, श्वास घ्यायचा, पुढचं वाजवायचं. ते थांबणंच त्या ओळीला शोभत होतं. आम्ही बसवलेला तीन वर्षांपूर्वीचा सूर त्यापुढे अगदी गुळगुळीत होता.

"हे तू ऐकलं होतंस?" काकांनी विचारलं.

दादाने टेक थांबवला. मग म्हणाला, "पहिल्या ओळीला बंद केलं होतं. सगळेच. मला ऐकवत नव्हतं, काका."

काकांनी मान हलवली. रागाने नव्हे. मग कागद उलटा केला आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणाले की त्या फोल्डरमध्ये ते एकटेच नव्हते.

दादा ताडकन उठला आणि 'काका, ते राहू द्या' म्हणाला. मला काही कळेना. काका वाचायला लागले होते. "काका खराब, अकरा. धाकटी खराब, सव्वीस. धाकटी दुरुस्त, एक."

घरात मला धाकटीच म्हणतात.

माझं डोकंच सणकलं. मी दादाला विचारलं, किती गाण्यांत? तो गिटारकडे पाहत होता. वरचा सूर असला की, म्हणाला. म्हणजे किती? म्हणजे सुरुवातीपासून. नऊ वर्षं हा माणूस माझा सूर मशीनने ओढून जागेवर नेत होता, मला 'छान, अजून एक घेऊ' म्हणत होता, आणि मी काकांना हसायला स्वयंपाकघरात पळत होते. माझा राग खरा होता आणि लाजही, दोन्ही एकदमच आलं आणि मला कशाला आधी तोंड द्यावं ते कळेना. लाव म्हटलं सव्विसावा. तो नको म्हणाला. मी म्हटलं लाव, नाहीतर मी लावते.

त्याने लावला. वरचा सूर जिथे लागायला हवा त्याच्या चांगला बोटभर खाली होता. मी ऐकलं, डोळे मिटून पुन्हा ऐकलं. बोटभर खालीच.

'आणि याचे?' वहिनीने दारातून विचारलं. काकांनी कागद पाहिला. गिटारचे खराब टेक चौऱ्याण्णव होते, दुरुस्त एकही नव्हता. स्वतःचं त्याने दुरुस्त केलं नव्हतं, पुन्हा पुन्हा वाजवलं होतं. कुठे चुकतंय ते कळून पुन्हा करायची ती संधी त्याने आम्हाला दोघांना कधी दिली नव्हती. तो वाईट माणूस नाही. भित्रा आहे, आणि त्याची भीती आमच्या वाट्याला आली होती.

काका उठले, माउथ ऑर्गन हातरुमालाने पुसला आणि मला म्हणाले, "चल. आधी तू."

मी कपाटात शिरले आणि दार ओढून घेतलं. कोटांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. रोज अख्ख्या स्टँडला ओरडून सांगणाऱ्या मी हँगरवरचा माइक उगाचच दोनदा सरळ केला. बाहेरून दादा 'चालू' म्हणाला. मी गायले. वरचा सूर आला तेव्हा मला वाटलं लागला, आणि लगेच वाटलं, नऊ वर्षं असंच वाटत होतं.

गाणं संपलं. काकांची खुर्ची करकरली. दादा काय म्हणणार ते मला ठाऊक होतं आणि तेच तो म्हणू नये असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं.

"खाली राहिला," दादा म्हणाला. "थोडा खाली राहिला गं."

मी अंधारात मान हलवली, जशी काही त्याला ती दिसणार होती. मग म्हटलं, पुन्हा लाव.