बंद धुराड्याची चूल

लिंबू-मिरचीतलं लिंबू काढून पोह्यांवर पिळणारा माणूस मी. अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता… आता आहे का, ते विचारू नका.

जुन्या इमारती दुरुस्त करायचं काम मी करतो. भंडाऱ्यात वैनगंगेच्या काठाला इंग्रजांच्या काळातला एक बंगला आहे. उंच छत, रुंद व्हरांडा आणि हॉलमध्ये चक्क शेकोटी — भंडाऱ्याच्या उन्हात! साहेबाला कुठली थंडी वाजत होती देव जाणे. नदीपलीकडच्या आमच्या कारधा गावातल्या, मासोळी विकणाऱ्या बायकांच्या बचतगटाला तिथं खानावळ काढायची होती, म्हणून तो नीट करणं चाललं होतं.

शेकोटीच्या धुराड्यातून पावसाचं पाणी आत यायचं. मी हुशारी केली — वर सिमेंटचं झाकण बसवून धुराडं कायमचं बंद केलं. कोणाला विचारलं नाही. माझी बायको उषा जाऊन वर्ष होत आलं होतं. घरचं सैपाकघर तेव्हापासून कुलपात. रडू आलं नव्हतं. चहात साखर आहे की नाही, हेही मला कळत नसे.

उद्घाटनाला भर दुपारी पाहुणे बसलेले. बघतो तर गटाच्या अध्यक्ष रत्नामावशी शेकोटीत लाकडं रचताहेत.

"मावशी, इथं नको जी!"

"काहून? एवढी आयती चूल सोडून आंगणात जाऊ का? सरका तिकडं."

आता हॉलभर धूर, पाहुणे खोकत बाहेर, खानावळ पहिल्याच दिवशी बदनाम… मी तोंड उघडेपर्यंत मावशींनी काडी ओढली.

धूर सरळ वर गेला.

दुपारभर मासोळी भाजली, कोणाला ठसका लागला नाही. मी शिडी लावून वर चढलो. झाकण जसंच्या तसं. चीर नाही, काजळीचा डाग नाही. हात ठेवला — उन्हानं तापलं होतं, तेवढंच.

"उतरा जी भाऊ!" खालून मावशी. "जेवाले माणसं खाली बसतेत, माकडं वर!"

संध्याकाळी पूल ओलांडून घरी आलो. शेजारच्या काकू कुंपणाशीच उभ्या.

"पाव्हणे आले का जी? दुपारपासून तुमच्या छपराच्या कवेलूतून धूर निघून राहिला. मासोळीचा वास तर अख्ख्या गल्लीत. मले वाटलं, पेटली एकदाची चूल."

कुलूप काढलं. सैपाकघर धुरानं भरलेलं. चूल थंड, तिच्या तोंडावरचं कोळ्याचं जाळंही शाबूत. मी तिथंच खाली बसलो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं… धुरामुळेच, म्हणा.

एका इंजिनिअर मित्राला विचारलं. "झाकणात फट असेल," म्हणाला. म्हटलं, ये, दाखव. आला, वर चढला, चहा पिऊन गेला.

शेवटी मावशींना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली मासोळी साफ करून टोपल्यात टाकली.

"मग फोडता का जी ते झाकण?"

"राहू द्या."

सैपाकघराला मी आता कुलूप लावत नाही. संध्याकाळी तिथं थोडा वेळ बसतो. कधी धूर असतो, कधी नसतो. काहून, ते मला अजून सांगता येत नाही.