माझ्या श्वासाची खोटी डायरी

"फुंका देवकाबाई, फुंका, फुंका, अजून फुंका," असं म्हणत तपासणी करणारा मुलगा माझ्यासमोर हात हलवत होता आणि मी त्या नळीत सगळा जीव ओतत होते. तिसऱ्या वेळी डोळ्यांपुढे काजवे चमकले. मनात आलं, सव्वीस वर्षं फुंकतच आले, आता आणखी किती फुंकू?

चामोर्शी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी सव्वीस वर्षं स्वयंपाक केला. दोन मोठ्या चुली, पावसाळ्यात ओली लाकडं आणि हातात फुंकणी. धुराने डोळे लाल व्हायचे, पण पोरं वेळेवर जेवायची. गॅस आला तेव्हा माझी निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती.

चंद्रपूरच्या दवाखान्यात त्या दिवशी झालेल्या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. आपण किती हवा किती जोरात बाहेर टाकतो, ते मशीन मोजतं. डॉक्टर मॅडमनी कागद पाहिला आणि सांगितलं, "तुम्हाला सीओपीडी आहे." पूर्ण नाव क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज. साध्या भाषेत, श्वासाच्या नळ्या आतून सुजून कायमच्या अरुंद होतात. हवा आत जाते, पण लवकर बाहेर पडत नाही. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं सांभाळता येतं.

"पण मी जन्मात बिडी ओढली नाई," मी म्हणाले.

"बिडी नाही, चूल ओढलीत तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

हे वाचणाऱ्या बायांनो, एक सांगते. मी दोन वर्षं वाया घालवली. आधी भाताचं गंज, म्हणजे मोठं पातेलं, उतरवताना मधे थांबू लागले, मग चालताना बोलणं बंद केलं, मग बोलायचं असलं की चालणं बंद केलं. मला वाटलं, वय झालं. अडुळशाचा काढा प्याले आणि गप्प बसले. तुम्ही तसं करू नका. तोंडाने औषध ओढायच्या पंपाची सवय लागते असं सांगणारे गावोगावी भेटतील, त्यांना चहा पाजा आणि पंप घ्या.

त्याच दवाखान्यात मॅडमचं या आजारावर एक संशोधन चाललं होतं. नेहमीच्या पंपासोबत एक जास्तीची गोळी दिली, तर आजार उसळण्याचं प्रमाण कमी होतं का, हे बघायचं होतं. सगळा कारभार शबाना सिस्टरकडे होता. चंद्रपुरातल्या शिंप्याची ही मुलगी, बोलायला गोड आणि कामात कडक. तिने मला आणि माझे यजमान टिकाराम यांना बसवून कितीतरी पानांचा कागद मराठीत वाचून दाखवला. निम्म्या लोकांना औषधाची गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी मिळणार होती. तिला प्लासीबो म्हणतात. कोणाला कोणती मिळाली, हे ना पेशंटला ठाऊक, ना डॉक्टरला. ठाऊक झालं की मन फितूर होतं, असं तिचं म्हणणं.

यजमान मधेच म्हणाले, "म्हणजे हिचा उंदीर करून राह्यले का तुमी?"

"उंदराले कोणी विचारत नाई काका," शबाना म्हणाली. "मावशीले तं आमी विचारून राह्यलो. नाई म्हटलं तरी इलाज बंद होत नाई."

मी सही केली. अंगठा नाही, सही. सातवी पास आहे मी.

मला एक डायरी दिली. रोज संध्याकाळी त्यात दम, खोकला आणि बेडका यांचे आकडे लिहायचे. त्रास नसला तर शून्य, फार असला तर चार. दर तीन महिन्यांनी चंद्रपूरला जायचं आणि दर मंगळवारी शबानाचा फोन यायचा.

आता माझं पाप सांगते. पहिल्या आठवड्यापासून मी खोटं लिहिलं. दम तीन असला तरी एक, खोकल्याने बरगड्या दुखल्या तरी एक. का, ते विचारा. मॅडमनी मला खुर्ची दिली होती. माझ्या सव्वीस वर्षांच्या चुलीची चौकशी केली होती. लाकूड कोणतं होतं, खिडकी किती मोठी होती, इथपर्यंत विचारलं होतं. आश्रमशाळेतसुद्धा हे कोणी विचारलं नव्हतं. अशा बाईला तोंडावर कसं सांगायचं, की तुमच्या गोळीने काही होत नाही? पाहुणा कधी म्हणतो का, वरण बिघडलं म्हणून?

मॅडम डायरी चाळायच्या आणि म्हणायच्या, "छान आहे की." मला धन्य वाटायचं.

महाशिवरात्रीला आम्ही मार्कंड्याच्या महादेवाला गेलो. दरसाल जातो. त्या साली वैनगंगेच्या वाळूत मी चार वेळा खाली बसले आणि देवाला लांबूनच हात जोडून परत फिरले. घरी येऊन डायरीत लिहिलं, एक. दोन दिवसांनी ताप आला, बेडका पिवळा झाला. तरी लिहिलं, एक. यजमान म्हणाले, "देवके, आता तं खरं लिव." मी त्यांना दटावलं.

मंगळवारी सकाळी शबानाचा फोन आला. मी म्हटलं, "बरी आहो."

तिने फोनवर माझा श्वास ऐकला असावा. मग म्हणाली, "मावशी, घरून बसस्टँडवर कसं जाता ते सांगा बरं मले."

मी सांगू लागले. हनुमानाच्या देवळापर्यंतचं सांगायलाच मला तीनदा दम घ्यावा लागला. तिने मला पुढे बोलू दिलं नाही. फोन यजमानांकडे द्यायला लावला आणि ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं. सूर्य डोक्यावर यायच्या आत चामोर्शीच्या दवाखान्यात माझ्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागली होती. आजार असा एकदम उसळतो त्याला एक्झॅसर्बेशन म्हणतात. चामोर्शीहून मला चंद्रपूरला हलवलं आणि पाच दिवस ठेवून घेतलं. आणखी दोन दिवस घरी काढले असते तर हे लिहायला मी नसते, असं मला साफ सांगण्यात आलं.

तिसऱ्या दिवशी मॅडम माझ्या खाटेशेजारी येऊन बसल्या. हातात माझी डायरी होती. मी नजर चुकवली.

"देवकाबाई, कागद म्हणतो एक, छाती म्हणते चार. कोणावर विश्वास ठेवू?"

"छातीवर," मी म्हणाले. "तुमाले वाईट वाटू नये म्हणून लिवलं जी."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचं पाहून मी समजेन की गोळी चांगली आहे. मग ती जिवतीच्या डोंगरातल्या एखाद्या बाईला देईन. तिला उपयोग होणार नाही आणि का होत नाही, ते मला कळणारही नाही."

हे ऐकलं आणि मला माझी भांडी घासायची जागा आठवली. आश्रमशाळेतली पोरं भली. कधीही विचारा, "कसं झालं रे?" तर सगळ्यांचं एकच उत्तर, "छान झालं बाई." डाळ करपली असली तरी छान. म्हणून मी विचारणंच सोडलं होतं. जेवणं झाली की भांड्यांपाशी उभी राहायची आणि ताटात काय उरलं ते बघायची. ताटं खोटं बोलत नाहीत. सव्वीस वर्षं ज्या बाईने पोरांच्या कौतुकावर विश्वास ठेवला नाही, तिनेच डॉक्टरसमोर "छान झालं बाई" म्हणावं? मला माझीच लाज वाटली आणि मी रडले.

"डायरी आणा, आता खोडून खरं लिवतो," मी म्हणाले.

"खोडायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "आहे ते पान तसंच राहील. तुम्ही आज काय सांगितलं, ते मी शेजारी तारीख घालून लिहिते." आणि माझ्यासमोर त्यांनी ते लिहिलं, सही केली, मला वाचून दाखवलं. स्वतःच्या कामावरचा डाग कोणी इतका नीट जपून ठेवतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"मले काढता का आता?" मी विचारलं.

"काढलं तर खरं कोण सांगेल?"

त्यानंतर मी अशी डायरी लिहिली की शबाना हसायची. आकडे तर खरेच, वर समासात शेरे. 'आज गोळी घेतली, काही फरक नाही.' 'आज फरक वाटला, पण आभाळ मोकळं होतं, त्यानेही असेल.' श्वासाचे व्यायामही शिकले. ओठांचा चंबू करून हळूहळू हवा सोडायची. फुंकणीची सवय होती, मला लगेच जमलं.

संशोधन संपल्यावर मॅडमनी आम्हा सगळ्या पेशंटांना बोलावलं. उभ्या राहून त्यांनी सांगितलं, की औषधाच्या गोळीत आणि रिकाम्या गोळीत काही फरक दिसला नाही. मागून एक म्हातारबुवा म्हणाले, "म्हंजे तुमी नापास झाल्या का मॅडम?"

"गोळी नापास झाली बाबा. आता ती कोणाला उगाच खावी लागणार नाही. हे तुमच्यामुळे कळलं."

इतक्या वर्षांच्या मेहनतीचं हे फळ, आणि ते सांगताना त्यांचा आवाज हलला नाही. मग एकेकाला कोणती गोळी मिळाली ते सांगितलं. मला खरीच मिळाली होती. म्हणजे माझे ते गोड गोड 'एक' एका निकामी गोळीला पास करायला निघाले होते.

आज मी पंपावर आहे, रोज मोजून चालते, हनुमानाच्या देवळापर्यंत बोलत बोलत जाते. गेल्या थंडीत मॅडम आणि शबाना दोघी माझ्या घरी जेवायला आल्या. पोपटीच्या, म्हणजे वालासारख्या शेंगांच्या, दाण्यांची भाजी, वरण, भात आणि जवसाची चटणी केली होती, गॅसवर, खिडकी उघडी ठेवून.

"कसं झालं?" मी विचारलं.

"छान," मॅडम म्हणाल्या.

मी त्यांच्या ताटाकडे पाहिलं. वरण-भात संपला होता, भाजी कडेला सारलेली होती. मी डायरीतल्या आकड्यांसारखी चार बोटं वर केली आणि एकेक मिटू लागले. मॅडम आधी लाजल्या, मग खळखळून हसल्या.

"तीन," त्या म्हणाल्या. "मीठ फार झालंय देवकाबाई."

मी चाखून पाहिलं. खरंच फार झालं होतं. सव्वीस वर्षांत माझ्या तोंडावर कोणी हे सांगितलं नव्हतं, आणि मला इतकं बरं वाटलं की मी भाजीत दाण्याचा कूट घालून ती त्यांना पुन्हा वाढली.