दाढेतली लांबी

उद्यमनगरातल्या फौंड्रीत हंबीररावांच्या हाताला तोड नव्हती. ओतीव कामात भोक राहिलं, की दोन रंगांची लांबी, म्हणजे भोकं बुजवायचा घट्ट होणारा लगदा, मळून ते अशी भरत, की मग ती जागा त्यांनाच शोधावी लागे. माणूस मोकळा, हसरा. फक्त दवाखाना म्हटलं की पाय मागं.

त्यांच्या दाढेला खड्डा पडला. गार पाणी लागलं की कळ थेट कानात. एका रविवारी मोटारसायकलच्या आरशात बघत त्यांनी तीच लांबी दाढेत दाबली.

"अवो, लोखंडाचं काय त्वांडात घालतायसा?" ललिता, त्यांची बायको, ओरडली.

"गप गं. आपली पाण्याची टाकी ह्येनंच बुजवलीया. त्येच पाणी पितीस की!"

ठणका भयंकर वाढला. आणि एका सकाळी अचानक गेला. हंबीररावांनी मुद्दाम त्या बाजूनं ऊस सोलला. "बघ, कशी बसलीया!"

ललिताला मात्र बरं वाटेना. आता बर्फाचा खडाही त्या दाढेला कळत नव्हता. तोंडाला कुबट वास येऊ लागला. पुढं जबड्याखाली गाठ आली, बोलणं जड झालं. कामावरची पोरं म्हणायची, "हंबीरराव, आधी पान थुका, मग बोला!" तोंडात पान नव्हतंच.

शेवटी ललितानं त्यांना ओढतच राजारामपुरीत दातांच्या डॉक्टर संयोगिता यांच्याकडं नेलं.

"काका, दाताच्या आत जिवंत गर असतो. रक्त, नस, सगळं. खड्डा खोल असला तर आम्हीसुद्धा आधी कीड काढतो, मग त्या गराला मानवेल असाच थर देतो. तुम्ही कीड आत कोंडलीत आणि वर ही लांबी. दुखायचं थांबलं, तेव्हा दाढ बरी झाली नव्हती, मेली होती."

"मग उपटा की," हंबीरराव कसंबसं बोलले.

"जीभ वर करा बघू."

जीभ उचलेना. जिभेखालचा भाग लाकडासारखा कडक लागला. डॉक्टरांनी हात मागं घेतला.

"काकू, पाणी गिळतात का हे?"

"सकाळपास्नं न्हाय."

"इथं थांबू नका. दाढेतला संसर्ग जिभेखाली पसरलाय, सूज श्वासनळीकडं निघालीय. मोठ्या दवाखान्यात मी फोन करते, तुम्ही निघा."

रिक्षात हंबीरराव आडवे होऊ बघत. आडवं झालं की गुदमरत, पुन्हा ताठ बसत. ललितानं त्यांचा हात धरला. त्यांना काही सांगायचं होतं, पण ती तोंडाकडं बघत नव्हती. तिची नजर त्यांच्या छातीवर होती; छाती हलते का, तेवढंच ती बघत होती.