लकडगंजातला चाचाचा

या जगात जे काही वाजतं त्या सगळ्याचा रुंबा होऊ शकतो, असं मानणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर बहुधा एकच असावा, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघावा, याला नशीबच म्हणायचं. लग्न ठरवताना मी मुलगी पाहिली, घर पाहिलं. साडू पाहायचा राहून गेला.

आमच्या शहरातल्या लकडगंज बाजारात त्यांचं लाकडाचं दुकान आहे. तरुणपणी ते एका ऑर्केस्ट्रात बोंगो वाजवायचे. वडिलांनी कान धरून गादीवर आणून बसवलं तेव्हा ऑर्केस्ट्रा सुटला, पण तिथला एक जुना कीबोर्ड त्यांच्याबरोबर घरी आला. त्याच्यावर तालांची बटणं आहेत : रुंबा, सांबा, मांबो, चाचाचा. जवळच्या नातेवाइकांची घ्यावीत तशी ते ही नावं घेतात. हे ताल क्युबा-ब्राझीलकडचे, आणि साडू अजून रायपूरच्या पुढे गेलेले नाहीत. त्यांना ते अंतर जाणवत नाही. "तिकडंही आपल्यासारखंच ऊन आहे गा," ते म्हणतात, "आपल्यासारखीच संत्री आहेत. ते लोक नाचतात अन् आपण कूलर लावून झोपतो. काहून? याचं उत्तर दे मले."

या नादातून गिऱ्हाईकही सुटत नाही, कारण साडू लाकूड आधी वाजवतात आणि मग विकतात. फळीवर बोटांनी ठोका द्यायचा, कान लावायचा, डोळे मिटायचे. एकदा एका गृहस्थांच्या देव्हाऱ्यासाठी काढलेला शिसवाचा तुकडा त्यांनी ऐन वेळी परत आत नेला. "हे नाही देत. हे बोलून राहिलं." गृहस्थ हबकले. त्या तुकड्याच्या पुढे दोन छोट्या काठ्या झाल्या, त्या एकमेकींवर आपटल्या की म्हणे थेट क्युबातल्या हवानाचा ठोका निघतो. "देवाले सागवान चालते," साडूंनी निकाल दिला, "रुंब्याले चालत नाही."

एवढा खटाटोप करून ज्याचा रुंबा करायचा ते मात्र संगणकावर बनवलेलं, धमधम करणारं संगीत. वरातीतली डीजेची गाडी दुकानासमोरून गेली की फळ्या थरथरतात. शेजारचे दुकानदार शटर ओढून घेतात, साडू फुटपाथवर येऊन विद्यार्थ्यासारखे ऐकतात, आणि संध्याकाळपर्यंत त्या धमधमीचा चाचाचा तयार असतो. "चाल चांगली असते गा, पण बिचारीले कंबर नसते. सरळ ठोक्यावर माणूस उड्या मारते, नाचत नाही." दर रविवारी गच्चीवर लग्नाच्या बँडमधला एक ट्रंपेटवाला आणि भजनी मंडळातला एक पेटीवाला जमतात, साडू बोंगो घेतात, आणि कंबर बसवण्याचं काम सुरू होतं. मेहुणीबाईंची तक्रार वेगळीच. "कुकर शिट्ट्या द्यायले लागला का हे ताल धरून सैपाकघरात येतात. वरण शिजलं का नाही, मले समजतच नाही."

त्यांची एकुलती एक मुलगी मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत नोकरीला होती. घरी आली की कानांवर हेडफोन चढवून खोलीत बसायची. एका रविवारी ट्रंपेटवाल्याने मोबाइलवर असंच एक नवं संगीत लावलं. साडूंनी ते अर्धंच ऐकलं आणि सगळ्यांसमोर हसले. "याले कंबर तर सोडा, हाडही नाही." मुलगी चहाचा कप ठेवून आत निघून गेली. ते तिचंच होतं. ती घरच्यांपासून लपवून, दुसऱ्याच नावानं आपली गाणी इंटरनेटवर सोडायची, हे मेहुणीबाईंनी त्यांना मागाहून सांगितलं. पुढचे कित्येक दिवस दुकानात लाकूड न वाजवताच विकलं गेलं.

तेवढ्यात मुलीचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा. साडू माझ्याकडे आले. "तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही," ते म्हणाले. "आता तर ती जाऊन राहिली. जायच्या आधी तिले समजलं पाहिजे गा, का बापानं तिचं गाणं नीट ऐकलं." मी म्हटलं, मग तोंडानं सांगा की. "तोंडानं सांगता आलं असतं, तर बोंगो कशाले शिकलो असतो?"

ठरलं असं, की रिसेप्शनला तिच्याच गाण्याचा चाचाचा वाजवायचा. एक गोष्ट मात्र आम्ही सगळेच विसरलो. आमच्याकडच्या लग्नात डीजे थांबून हळू संगीत सुरू झालं, की जेवण लागलं असं समजायचं असतं. ट्रंपेटचा पहिला सूर निघाला आणि अख्खं लॉन एका दमात उठून ताटांकडे धावलं. व्याही पुढे, फोटोग्राफर त्यांच्या मागे. साडू डोळे मिटून वाजवत होते. उघडले तेव्हा समोर नुसत्या खुर्च्या होत्या. त्यांचा चेहरा असा पडला, की मला बघवेना.

पण स्टेजवरून शालू सावरत नवरी खाली येत होती.

"बाबा, हे माझं आहे."

"तुझंच आहे वं."

"आईनं सांगितलं?"

"तुझं आहे हे आईनं सांगितलं. गाणं मी ऐकलं. लय वेळा ऐकलं."

"मग, कंबर आहे का त्याले?"

"आहे," साडू म्हणाले, "मलेच दिसली नाही."

तिनं त्यांचा हात धरून त्यांना उठवलं. बोंगो बिचाऱ्या नवरदेवानं सांभाळला, साफ चुकीचा वाजवला, पण त्या दिवशी साडूंनी चूक काढली नाही. रिकाम्या खुर्च्यांसमोर बापलेक नाचली. लांबून माझी बायको ताट दाखवून पुऱ्या थंड होत असल्याच्या खुणा करत होती. मी जागचा हललो नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यात लपवायचं काय?

मुलगी पुण्याला गेली. मागच्या आठवड्यात मी दुकानात गेलो, तर साडू कानांवर भलेमोठे हेडफोन चढवून बसलेले. पोरीनं नवीन गाणं पाठवलं होतं. मी विचारलं, "याचा काय करता, रुंबा की चाचाचा?"

"काहीच नाही करत. जसं आहे तसं ऐकून राहिलो," ते म्हणाले. "मी हात लावला का त्याच्यात मीच येतो गा. मले ती पाहिजे."

आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले. समोर एक गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं. गाणं संपेपर्यंत थांबा, असं त्याला मीच सांगितलं.